नाव घेतल्याशिवाय नक्कल मिळेना

माझी नणंद कपडे शिवते आणि सुईसारखं टोचून बोलते. पण घटस्फोट झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. नाव घेतलं की सगळं पुन्हा अंगावर येईल, असं तिला वाटे. म्हणून घरात तो नुसता ‘तो’.

आता तिचं दुसरं लग्न ठरलं. नोंदणीसाठी घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित नक्कल हवी होती आणि तिची प्रत घर बदलताना हरवलेली. आम्ही दोघी कोर्टात गेलो. कारकुनाने तिचं नाव आधी सासरच्या आडनावाने शोधलं, मग माहेरच्या. काहीच सापडेना.

“वहिनी, राहिलंच म्हणायचं लग्न,” ती पुटपुटली.

“ताई, अर्ज कोणी केला होता?” कारकुनाने विचारलं.

“त्याने.”

“मग प्रकरण त्यांच्या नावावर असणार. नाव सांगा.”

ती माझ्याकडे बघत राहिली.

“माझ्याकडे काय बघतेस? नवरा तुझा होता,” मी म्हटलं. कारकुनालाही हसू आवरेना.

तिने आडनावासकट पूर्ण नाव एका दमात सांगून टाकलं. थोड्या वेळाने कारकून धूळ झटकत फाईल घेऊन आला. “उद्या येऊन नक्कल घेऊन जा,” म्हणाला.

पायऱ्या उतरताना ती थबकली. “इतकी वर्षं उगाच घाबरले हो, वहिनी. काहीसुद्धा झालं नाही.”

मग पदर खोचून झपाझप चालू लागली. लग्नाचे कपडे बेतायचे राहिले होते, आणि या वेळी ते तिचे स्वतःचे होते.