वंशावळीतल्या दोन मुली

आम्हा दोघी बहिणींना कॉलेजात शिकवायला वडलांनी कुंडलचं रान विकलं आणि मरेपर्यंत दुसऱ्याच्या मळ्यात राबले.

दर सुगीला घरोघरच्या पिढ्या लिहिणारा हेळवी बैलावरून यायचा. वही वाचताना मेलेल्याचं नाव आलं की डोळे मिटायचा. धान्य मिळालं की गप्पांत राजघराण्यांची लग्नं लावायचा. "साताऱ्याच्या राजाला ल्योक न्हवता, दत्तक इंग्रजानं मानला न्हाई. लेक गादीवर बसवून फलटणचा जावई आणला असता, तर दोन्ही राज्यं एक झाली असती. इंग्रजाची काय बिशाद हुती!"

ब्याण्णव साली, धाकटी अजून कॉलेजात असताना, वडील गेले. त्या सुगीला हेळव्यानं वही उघडली. "हितं वंश खुंटला म्हनून लिवाय लागतंय, बाय."

"आवं बाबा, राजाची लेक गादीवर चालती, आन् आमी बापाच्या नावाखाली न्हाई?" मी विचारलं.

चुलते गुरगुरले, "घाल पोरींची नावं. मग बगू गावात कोन दानं घालतंय तुला."

त्यानं वही मांडीवर ओढली. मग माझं नाव लिहिलं आणि विचारलं, "धाकटीचं नाव काय गं?"

पुढच्या सुगीला त्याला कुणी सूपभर जोंधळा घातला नाही. नंतर तो आलाच नाही.

आमच्या वंशावळीत वडलांच्या नावाखाली दोन मुली आहेत. माझ्या नावापुढं त्यानं बी.ए. लिहिलंय.