विमानातलं हाफ तिकीट

आता कसं सांगू! आठवलं की अजून कान तापतात. पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगते.

मी अंगानं लहानखुरी. त्यामुळे अभनपूरच्या बसमध्ये गेली चार वर्षं माझं वय अकराच आहे. कंडक्टरने विचारलं की बाबा खिडकीबाहेर बघतात आणि मी म्हणते, "ग्यारा." हाफ तिकीट! एरवी अनोळखी माणसासमोर माझा आवाज फुटत नाही. हा एकच शब्द कसा खणखणीत निघतो!

दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी इंदूरला मावशीचं लग्न. घरचे सगळे आधी रेल्वेने जाणार. मी पेपरसाठी मागे, आणि नंतर रेल्वेने निघाले तर लग्न हुकणार. म्हणून बाबा मला घेऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या एजंटकडे गेले. विमानाचं तिकीट काढायची आमची पहिलीच वेळ. बाबांचा चेहरा दात उपटायला आल्यासारखा!

एजंटने माझ्या एकटीचं भाडं सांगितलं.

"भैया, किलोमीटर के हिसाब से तो ये बहुत हुआ!"

"सर, प्लेन में किलोमीटर नहीं, मजबूरी देखते हैं. बच्ची की उम्र?"

"ग्यारा!" मी.

बाबांची छाती फुगली.

"ग्यारा की, और अकेली? फिर तो देखरेख का चार्ज अलग लगेगा."

"और हाफ टिकट?"

"वो बस में होता है, सर."

छाती बसली. बाबा माझ्याकडे वळले. "काहून वं, पंधराची हाय ना तू! सांग ना त्याले!"

नेमका आताच माझा आवाज गेला. "पं... पंद्रा."

एजंटने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा विश्वास बसेना. शेवटी दप्तर उपसून दहावीचं प्रवेशपत्र दाखवलं, तेव्हा कुठे तो स्क्रीनकडे वळला. आणि हसला.

"सर, टिकट बढ़ गया."

"अरे, दो मिनट में?"

"बेटी भी तो दो मिनट में चार साल बढ़ गई!"

करता काय? बाबांनी दात-ओठ खात पैसे मोजले. पोचायचं तर होतंच.

विमानात शेजारी एक काका. साठीचे, टकले, खुर्चीच्या दोन्ही हातांवर कोपरं टाकून ऐसपैस बसलेले. त्यांनी विचारलं, "बेटा, टिकट कितने का पड़ा?"

मी हळूच आकडा सांगितला.

"अरे बाप रे! मैंने तो दो महीने पहले लिया. तुम्हारे से आधे में!"

घ्या! साठीचे काका हाफ तिकिटावर. आणि त्यांच्या बाजूला मी, पाय खाली टेकत नव्हते, पण तिकीट मात्र दोन माणसांचं.