नसलेल्या मशीनला वळसा

तुम्ही रोज चालता ती वाट सरळ का जात नाही, असं कधी स्वतःला विचारलंय? नसेल विचारलं, तर चेनवाली मावशी तुम्हाला माहीत नाही.

बस डेपो आणि सरकारी दवाखाना यांच्यामध्ये छत घातलेला एक बोळ आहे. बोळाच्या मध्यावर, वर जाणाऱ्या जिन्याला टेकून, मावशी शिलाई मशीन मांडून बसते. बॅगेची चेन, पिशवीचा बंद, पँटची शिवण, दवाखान्यात निघालेल्या माणसाचं ऐन वेळी जे जे उसवतं ते ती उभ्या उभ्या शिवून देते. नवरा गेला त्या वर्षी ती इथे बसली, आणि तेव्हापासून तिला शहाणपण शिकवायला आलेला माणूस धड परत गेलेला नाही. दोरा अडकला तर मशीनलासुद्धा शिव्या, आणि मग त्यालाच मायेने तेल.

यंदा बोळाच्या छताला कॅमेरे लागले. नगरपालिकेला बोळ मोकळा करायचा होता, म्हणून विद्यापीठातून तीन अभ्यासक आले. माणसं जागेत कशी वावरतात, कुठे वळतात, कुठे थबकतात, एकमेकांपासून किती अंतर राखतात, हे त्यांना शोधायचं होतं. एक सर जन्मभर उंदरांना चक्रव्यूहात पळवत आलेले. मावशीने त्यांचं नाव उंदीरवाले सर ठेवलं. दुसरी नकाशेवाली मॅडम, तिच्या लेखी चालणारा माणूस म्हणजे कागदावरची रेघ. तिसरा मानसशास्त्राचा दाढीवाला, जो येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून बोळाचं चित्र आठवणीने काढायला लावायचा. तिघांची शास्त्रं वेगळी, आणि जो तो दुसऱ्याच्या पद्धतीत खोट काढणारा. मावशीने घरी नणंदेला सांगितलं, अगदी तुझ्या भावांसारखे आहेत, एका ताटात जेवतील पण एका मताचे होणार नाहीत.

महिन्याभराने बोळाच्या तोंडाशी नकाशा लागला. निळ्या रेघांचा नुसता गुंता, आणि मध्ये एक लाल ठिपका. ठिपक्याशेजारी लिहिलं होतं, ‘अडथळा’. ती तुम्हीच, असं दाढीवाल्याने चाचरत सांगितलं, आणि मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कापडावर खुणा करायचा खडू उचलला, ‘अडथळा’वर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘मी’.

दुसऱ्या दिवशी पालिकेचे साहेब हजर. काही दिवस मशीन डेपोच्या संडासामागे हलवायचं, लोक सरळ चालू लागले की ती जागा कायमची, असं त्यांनी फर्मावलं. नाही ऐकलं तर माणसं लावून उचलतील.

“मशीनला हात लावलात तर बोटं एकमेकांना शिवून टाकीन,” मावशी म्हणाली. “माझं मशीन मीच उचलते. पण तुमच्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते मलाही दिसलं पाहिजे.”

साहेब तोंड उघडायच्या आत उंदीरवाल्या सरांनी होकारार्थी मान हलवली होती.

घरी नणंद टोचायला टपलेलीच. “वहिनी, एवढी भांडलीस, आणि शेवटी उठलीसच की.”

मावशीने भांडी तेवढी नेहमीपेक्षा जोरात घासली.

सकाळी मशीन हलवून ती जिन्यावरच्या, अभ्यासकांच्या खोलीत कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसली. जिन्यापाशी आता काहीच नव्हतं, नुसती झिजलेली फरशी. डेपोतून लोंढा आला. बॅगावाले, घाईवाले, म्हाताऱ्यांना धरून चालणारे. आणि जिन्याजवळ येताच सगळे वाकडे झाले. नसलेल्या मशीनला वळसा घालून पुढे गेले. कुबड्या घेतलेला एकजण तर चार पावलं जास्त चालला. एका बाईने पाय जरा उचलून टाकला, कारण तिथे मशीनचं पायडल बाहेर यायचं. खाली न बघता उचलला.

नकाशेवालीने तोंडावर हात ठेवला. दाढीवाल्याने चित्रांचा गठ्ठा उलगडला. जवळजवळ प्रत्येकात मशीन होतं. साहेबांनी बोळात हौसेने लावलेली मोठी पाटी मात्र कुणाला आठवली नव्हती.

साहेब म्हणाले, सवय आहे, जाईल.

“जाईल,” उंदीरवाले सर म्हणाले. त्यांनी लपवलं नाही. चक्रव्यूहातली भिंत काढली तरी उंदीर काही दिवस तिथेच वळतात, मग एखादा सरळ जातो, त्याच्यामागे बाकीचे. एकदा सरळ वाट पडली की ती आपणहून वाकडी होत नाही. माणसांचं नक्की सांगता येत नाही, पण फार वेगळं नसावं.

हाकललं जाणं मावशीला नवीन नव्हतं, हाकलणाऱ्याशी भांडता येतं. पण आपण इथे होतो हे लोकांच्या पायांनीच विसरावं, त्यांच्याशी कसं भांडायचं?

“म्हणजे सर, पाय विसरायच्या आत परत बसलं पाहिजे.”

“मी शास्त्र सांगितलं. सल्ला नाही दिला.”

“सल्ला माझा मी काढला.”

चाचणी संपलेली नाही, असं साहेब बजावत राहिले. चाचणी माझ्यावर चाललीय तर ती संपवणारही मीच, म्हणून ती जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवर मशीन आलं. मागून नणंद ढकलत होती आणि कुरकुरत होती, की घरातलं कपाट हलवायचं म्हटलं की हिची कंबर धरते, आणि इथे बघा. पण ढकलत होती. फरशीवर मशीनच्या पायांनी खळगे पाडले होते, त्यात ते बरोबर बसलं. लोक आले, वाकले, वळसा घालू लागले. एक म्हातारी मात्र थांबली.

“काल कुठे होतीस गं? पिशवी तशीच घेऊन परत गेले मी.”

तिची पिशवी शिवून होते न होते तोच साहेबांची नोटीस आली. मावशीने ती वाचली, घडी घातली आणि मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवली. तिघा अभ्यासकांचा अहवाल येईल तेव्हा येईल. त्यांचं एकमत होईपर्यंत मशीनला गंज चढेल.

सोमवारी सकाळी साहेब गाडी आणि माणसं घेऊन येणार आहेत. त्या बोळातून तुमचं जाणं-येणं असेल, तर त्या दिवशी तेवढा वळसा घालून पुढे जाऊ नका. उसवलेलं काहीतरी घेऊन या. नसेल तर रिकाम्या हातांनी या, आणि जिन्यापाशी पाय रोवून उभे राहा.