सात टी-शर्टांची धाव

माझ्या भाचीने मला फसवलं. बैलांच्या व्यवहारात मला आजवर कुणी फसवलेलं नाही; दात बघितल्याशिवाय आणि चार पावलं चालवून घेतल्याशिवाय मी दाव्याला हात लावत नाही. पण आंबवड्याच्या या कॉलेजकुमारीने मला न पळता पळून दाखवलं.

तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. भोरच्या दुकानदाराशी तासभर हुज्जत घालून मी तिला धावायचे बूट घेतले आणि अट घातली, रोज पळायचं आणि पुरावा द्यायचा. ती रोज रील टाकायची: धुकं, उडणारी वेणी, खाली ‘थांबायचं नाही’. कापूरहोळच्या ढाब्यावर मी ते चार माणसांना दाखवून चहा पाजायचो. पुढं कळलं, बाई दर रविवारी सात टी-शर्ट घेऊन ओढ्यावर जायची आणि दर वेळी टी-शर्ट बदलून चिंचेपासून पुलापर्यंत सात वेळा पळून अख्ख्या आठवड्याची रील उरकायची. एरवी कॉलेजला जाताना एसटीत मागच्या सीटवर बसायची, कारण तिथले धक्के मोबाईल पावलं म्हणून मोजतो. “मामा, आज आठ हजार झाली!” हे ती मला बसल्या जागेवरून कळवायची.

भरतीच्या पंधरा दिवस आधी मैदानावर आठशे मीटरची चाचणी होती. मी मुद्दाम गेलो. निम्म्यातच ती पोट धरून बसली. मागून वेल्ह्याकडची एक पोरगी आली, थांबली, हात पुढं केला. “ताई, उठा की! तुमचं बघूनच आमी पाच जणी पळाय लागलोय.”

“तू जा गं, तुझी वेळ जातीय,” भाची मान खाली घालूनच म्हणाली.

मी तिचा पाय उचलून बुटाचा तळ बघितला. नवाकोरा! “बूट घासायला मी माणूस ठेवू का?” मी ओरडलो. ती रडायला लागली. “मामा, मला काय बी बोल, पन आईला सांगू नगंस.” आणि मग टी-शर्टांपासून सगळं सांगितलं.

ती पोरगी भरती झाली. भाची राहिली. आता पहाटे एकटीच पळते, धापा टाकते, पुन्हा पळते. मोबाईल घरी असतो. बघून बरं वाटतं, पण माझा राग गेलेला नाही. शेकडो लोक रीलखाली तिला रोज ‘वाघीण’ म्हणायचे. “पोरी, जरा पुलाच्या पलीकडं पळून दाखव,” असं एकालाही का सुचलं नाही? रीलला सगळ्यात आधी लाल बदाम टाकणारा मीच होतो, माझा गुन्हा मला कबूल. बाकीच्यांनीही समोर यावं आणि पोरीच्या वाया गेलेल्या वर्षाचा जबाब द्यावा.