उजवा कोपरा

आमचे पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते, त्यामुळे घरातही सगळं शाळेसारखंच चालायचं. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात आधी नाव, त्याखाली इयत्ता, मग हजेरी नंबर. सुट्टीत घरी बसून नुसतं मांजर काढलं तरी कोपऱ्यात नाव नसेल तर ते कागदाला हात लावायचे नाहीत. "बिननावाचा पेपर मी तपासत नसतो," म्हणायचे आणि चष्मा काढून ठेवायचे. मला अशी चीड यायची की काय सांगू. मांजर नीट आलंय की नाही ते सांगा ना, त्या मेल्या नावाचं काय घेऊन बसलात!

म्हणूनच नगरच्या कला महाविद्यालयात पहिल्या दिवशी सर म्हणाले की माझ्या वर्गात कुठल्याही कागदावर नाव टाकायचं नाही, पुढेही नाही आणि मागेही नाही, तेव्हा मी तिथल्या तिथे त्यांची भक्त झाले. नाव दिसलं की लोक काम बघत नाहीत, माणूस बघतात, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, चला, आयुष्यात एक तरी शहाणा मास्तर भेटला.

तिथवर पोचणंच मुळात सोपं नव्हतं. आम्ही नेवासा तालुक्यातले ख्रिस्ती. मावशी नर्स, आत्या नर्स, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या निम्म्या मुली नर्सिंगला. मी ग्राफिक डिझाइन म्हटल्यावर पप्पांच्या डोळ्यांपुढे आला तो चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. मधे गॉगल लावलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. त्याला कॉलेज कशाला लागतं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. शेवटी त्यांनी अट घातली. दुसरं वर्ष संपायच्या आत मी केलेली अशी एक वस्तू दाखवायची, जी घराबाहेरची माणसं खरोखर वापरतात. नाही दाखवली तर मुकाट्यानं मावशीच्या वाटेनं जायचं. पप्पा शब्दाचे पक्के, आणि मीही हो म्हणून बसले.

सर पडदे ओढून घ्यायचे आणि भिंतीवर जगातल्या मोठमोठ्या डिझायनरांची कामं दाखवायचे. नावं तिथेही नाहीत. मग आम्हीच नावं ठेवली. एक होते चौकोनवाले मामा, त्यांनी म्हणे लाल चौकोन नुसता तिरका करून अख्ख्या नाटकाची जाहिरात केली होती. एक अक्षरांची बाई होती, तिची अक्षरं कागदावर रांगेत उभी राहायला तयारच नसायची. आणि एक आजोबा, जे पूर्ण माणूस एका रेघेत काढायचे. माझ्या शेजारी राजूरकडची एक मुलगी बसायची, तीच माझी मैत्रीण झाली. आजोबांचं काम बघून ती माझ्या कानात म्हणाली, "लई चिक्कू मानूस दिसतोय, एका रेघंत भागवलं." आम्ही तोंडावर ओढणी धरून हसलो.

पण त्या दिवशी हॉस्टेलवर परतताना मला रस्ता वेगळाच दिसायला लागला. एसटीच्या पाट्या, काडेपेटी, खोकल्याच्या औषधाची बाटली, आमच्या बायबलवरची सोनेरी अक्षरं. हे सगळं कुणीतरी बसून, विचार करून केलंय, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला रडू आलं. खरंच आलं, आनंदानं. इतकी माणसं आजवर माझ्याशी बोलत होती आणि मी बहिरी होते, असं वाटलं.

सरांच्या केबिनमध्ये एक पोस्टर होतं. पिवळ्या सूर्यावर काळा पक्षी, बस्स. इतकं देखणं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. ते सरांचंच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एकानं विचारलंही. सर नुसते हसले आणि म्हणाले, "नाव कशाला हवं?" आम्हाला तो त्यांचा मोठेपणा वाटला. किती बावळट असावं माणसानं!

पहिलं वर्षभर संगणकाला हात लावायची बंदी होती. काळा कागद आणि कात्री, एवढंच हत्यार. एकदा सरांनी काम दिलं की एखादी डेअरी आहे असं समजा आणि तिच्यासाठी बोधचिन्ह करा. बाकीच्यांनी गायी कापल्या, थेंब कापले. मला काही केल्या सुचेना. मग आमच्या गल्लीतली दुधाची किटली आठवली. तिला दोन बाजूंना दोन कड्या असतात. मी त्या कड्या जराशा खाली झुकवल्या, तर किटलीचं झालं वासरू! दोन झुकलेले कान, गोल तोंड, आणि तरीही किटलीच. तिसऱ्या कागदावर ते जमलं. सगळे कागद फळ्यावर लावले होते, सर माझ्या कागदापुढे येऊन थांबले. हे कुणाचं ते मी विचारणार नाही, म्हणाले, आणि हळूच माझ्याकडे बघितलं. चांगली कामं मी सांभाळून ठेवतो, असं म्हणून तो कागद त्यांनी आपल्या फाइलमध्ये घातला. तो आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि पप्पा रस्त्याकडेच्या रसवंतीवर उसाचा रस पीत बसलो होतो. समोर दुधाचा टेम्पो येऊन थांबला. त्याच्या अंगावर माझं वासरू! हातभर मोठं, निळ्या रंगात, पण कान तेच, झुकाव तोच. मी ग्लास सांडला. "पप्पा, हे मी केलंय," म्हटलं. पप्पा उठले, टेम्पोला चक्कर मारून आले, त्या कानावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा असा फुललेला मी दहावीच्या निकालालाही बघितला नव्हता. सर मला चकित करणार असतील, कॉलेज उघडल्यावर सगळ्यांसमोर सांगणार असतील, अशी माझी मी समजूत घातली.

पप्पांना कुठला धीर! मला स्कूटरवर बसवून ते थेट त्या डेअरीच्या दूध संकलन केंद्रावर गेले. तिथे पाच-पन्नास माणसं दूध घालायला आलेली. त्या सगळ्यांदेखत त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं की ही माझी मुलगी, तुमचं हे चित्र हिनं काढलंय. सेक्रेटरी भला माणूस. तो हसला, मोबाईल काढला आणि फोटो दाखवला. खांद्यावर शाल, हातात नारळ घेतलेले आमचे सर, आणि मागे भिंतभर माझं वासरू. "गुरुजी, हे नगरच्या सरांनी करून दिलंय. पोरगी त्यांच्या हाताखाली शिकत असंल, म्हणून तिला तसं वाटत असंल," तो म्हणाला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

परतल्यावर पप्पा दारात स्कूटर लावताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिक्षक माणूस असं कशाला करील?" मी खोटं बोलते असं ते म्हणाले नाहीत. पण उभं आयुष्य शिक्षकी केलेल्या माणसाला दुसऱ्या शिक्षकाला चोर म्हणवेना, आणि मग खोटं ठरायला उरलं कोण? मीच की!

सुट्टी संपल्यावर मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं मी कागद कापताना डोळ्यांनी बघितलं होतं, खाली पडलेले कपटे तिनंच गोळा केले होते. तिनं सर नसताना केबिनमधल्या पोस्टरचा मोबाईलवर फोटो काढून आणला आणि इंटरनेटवर शोधला. तो पक्षी परदेशातल्या एका म्हाताऱ्याचा निघाला. खऱ्या पोस्टरवर उजव्या कोपऱ्यात त्याची ठसठशीत सही होती. सरांनी फ्रेम करताना नेमकी तिथे पांढरी पट्टी बसवून घेतली होती. मग आम्ही एकेक शोधत गेलो. चौकोनवाल्या मामांना नाव होतं, आजोबांना होतं, अक्षरांच्या बाईवर तर पुस्तकं होती. नाव नव्हतं ते फक्त आम्हाला.

सरांकडे माझ्याबरोबर चल, नुसती उभी राहा, म्हणून मी मैत्रिणीच्या विनवण्या केल्या. ती ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "माझं वरीस वाया जाईल. मी न्हाई येत." मी एकटीच गेले. सर, ते वासरू माझं होतं, असं सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, निदान ओशाळतील. छे! पुढ्यातला चहा बाजूला सरकवून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "तुझं? कुठं लिहिलंय?"

त्यांच्या मागे तो पक्षी होता आणि ती पांढरी पट्टी. मी खाली मान घालून बाहेर आले. त्या माणसाचा मला आजही संताप येतो. चोरीपेक्षा जास्त त्या मायेच्या आवाजाचा येतो, कारण त्याच आवाजात त्यांनी मला बघायला शिकवलं होतं, आणि ते शिकलेलं काही परत करता येत नाही.

दुसरं वर्ष संपवून मी घरी आले तेव्हा त्या डेअरीच्या दुधाच्या पिशव्या आमच्याकडेही यायला लागल्या होत्या. सकाळी पप्पा स्वयंपाकघरात पिशवी हातात घेऊन उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं. नाव न टाकायचा नियम, फाइल, फ्रेमची पट्टी, मैत्रीण, केबिन. त्यांनी पिशवी उलटीपालटी करून बघितली, वासरावर अंगठा फिरवला, मग चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"म्हणजे तू नाव टाकलं नव्हतंस?"

"नाही."

"मग मी काय तपासू, बाळा?"

त्यांनी कात्रीनं पिशवीचा कोपरा कापला. वासराचा एक कान तुटून ओट्यावर पडला. दूध पातेल्यात ओतून त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं आणि मावशीला फोन लावायला बाहेर गेले.