शेवटच्या माणसाचा डबा

आमच्या जळगावच्या हौशी रेडिओ क्लबाला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवं खूळ लागलं. उपग्रहावरून जागा ओळखणारं यंत्र कुणाच्या तरी भाच्याने परदेशातून आणलं होतं. ते आम्ही वायरलेस सेटला जोडलं आणि बॅटरीसकट जेवणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलं. डबा जसा जाईल तसा संगणकावरच्या नकाशात ठिपका सरकायचा. आम्ही हरखून गेलो. पण लोकांच्या उपयोगी पडली नाही तर ती विद्या काय चाटायची?

चैत्रात खानदेशातून माणसं पायी वणीच्या गडाला जातात आणि उन्हाने कोसळतात, हे दरवर्षीचंच. त्या साली माझी आई, सगळ्यांची अक्का, धुळ्याच्या माहेरच्या लोकांबरोबर निघाली होती. गुडघे धड नव्हते, पण नवस होता, ऐकणार कोण? आम्ही धुळ्यात कॉलेजच्या एका खोलीत संगणक मांडला. ठरलं असं, की डबा सगळ्यात मागे चालणाऱ्याजवळ राहील. डबा मुक्कामी पोचला म्हणजे सगळे पोचले, मग तिथे थांबलेली रुग्णवाहिका पुढच्या जथ्याकडे जाईल. मागे आईच राहणार, म्हणून डबा तिच्याच पिशवीत ठेवला. तिने आधी त्याला हळदकुंकू वाहिलं.

दुपारी ठिपका लळिंगच्या घाटातून भराभरा पुढे सरकला.

"म्हातारी पळायला लागली की रे!" क्लबातला दोस्त म्हणाला.

मीही हसलो. ठिपका मुक्कामाच्या शाळेवर थांबला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या आणि गाडी पुढे पाठवून दिली.

दिवस कलता कलता मुक्कामावरून सेटवर निरोप आला, एक म्हातारी अजून आलेली नाही. कोण, ते मी विचारलंच नाही. वरातीमागून घोडं तशी गाडी उलटी फिरली. आई घाटातच एका बाभळीखाली सापडली. बाभळीची सावली ती काय असते! जवळची बाटली कोरडी होती आणि जीव केव्हाच गेला होता.

लोकांनी माझं समाधान केलं. देवीच्या वाटेवर मरण आलं, भाग्यवान बाई, म्हणाले. मला त्या भाग्याची चीड आली, आजही येते. सेट मी त्यानंतर लावला नाही. कुणाची सेवा करायची आणि कशासाठी?

डबा मला जथ्याच्या सगळ्यात पुढे निशाण धरणाऱ्या नानांनी आणून दिला. त्याच्यावर झेंडूची माळ होती. "नाना, हा पुढे कसा आला?" मी विचारलं.

"अक्कानीच दिन्हा, भाऊ," ते म्हणाले. "म्हने, मन्हा पोऱ्यानी चीज शे, ती मांगे कसाले ऱ्हाई? म्होरे निशानसंगे ठेवा."