श्रीगोंद्याबाहेर अण्णांचं काही काम नव्हतं

आमच्या अण्णांनी आयुष्यभर लोकांना गावाबाहेर पाठवायची नोकरी केली आणि ती त्यांना कधीच पटली नाही. श्रीगोंद्याच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. काचेमागे बसायचं, कुठली गाडी आली, कुठली सुटणार ते माइकवरून सांगायचं, एवढंच काम. पण अण्णा नुसतं सांगून थांबत नसत, सल्लाही देत. "पुणे गाडी लागलेली हाय. जानाऱ्यांनी बसून घ्यावं. ज्यांचं काम फोनवर भागतंय त्यांनी उतरून घ्यावं." काही जण खरंच उतरायचे, असं ते अभिमानाने सांगत. साहेबांनी समज दिल्यावर त्यांनी शेवटचं वाक्य गाळलं, पण 'जानाऱ्यांनी' म्हणताना असा सुस्कारा सोडायला लागले की आधीचंच बरं होतं.

ज्या गावाला आपल्या डेपोची थेट गाडी जात नाही ते गाव नीट वसलेलंच नाही, असं त्यांचं भूगोलाचं ज्ञान. त्या हिशेबाने दिल्ली अजून वसायची होती. स्वतःच्या लग्नाला ते जामखेडला गेले तेही नाइलाजाने, आणि त्याच दिवशी परत आले. आई म्हणायची, माळ घालताना यांचं ध्यान परतीच्या गाडीकडं. मी पुण्याचा मुलगा पसंत केला तेव्हा अण्णांनी त्याचं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. घरापासून स्टँड किती लांब, एवढंच विचारलं. रिक्षाने जवळच आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. लेकीला माहेरी यायला सोपं, म्हणून बाप खूश झाला असं मला वाटलं. बापाने स्वतःची सोय बघितली होती.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास गावभर पसरायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि अण्णा अंगणात उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचे, डॉक्टरांनी सांगितल्यासारखे. श्रीगोंद्याच्या लिंबांच्या बाबतीत तर विचारूच नका. माझ्या सासरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ताटातली फोड त्यांनी वरणावर पिळली, उरलेली उजेडात धरून बघितली आणि माझ्या सासऱ्यांना विचारलं, "आजारी हुतं का हे?" सासरे भले माणूस, ते हसले. मी त्या दिवशी पाणी वाढायला बाहेर आलेच नाही.

आई गेली आणि हसण्यावारी न्यायचे दिवस संपले. अण्णा एकटे. एकदा गॅसवर चहा ठेवून गप्पा मारायला स्टँडवर गेले. पातेलं जळून काळं झालं, शेजाऱ्यांनी दार फोडलं. रिकाम्या घरात हा माणूस कधीतरी एकटाच पडेल आणि कुणाला कळणारही नाही, या भीतीने मला झोप लागेना. मी एकुलती एक. हट्टाने त्यांना पुण्याला आणलं.

अण्णांनी तक्रार म्हणून केली नाही. दुपारी फिरायला जायचे आणि परत येऊन श्रीगोंद्यात कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली ते सांगायचे. हे कळतं कसं, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. जवळ बाग होती, देऊळ होतं, ज्येष्ठांचा हास्यक्लब होता. अण्णा फिरायला स्टँडवर जात होते. आपल्या डेपोची गाडी आली की कंडक्टरला गाठून गावाची खबर घ्यायची, गाडी सुटली की घरी. त्यात सरकारने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट करून ठेवलेली. एवढ्या मोठ्या सरकारने माझ्यावर असा डाव धरायला नको होता.

एके संध्याकाळी फोन आला. "पोरी, माझा चहा टाकू नको. गाडीत नुसतं बसून बघितलं, तर काष्टी आली. आता फुडं श्रीगोंदाच."

दुसऱ्याच दिवशी मी भांडायला श्रीगोंद्याला गेले. बीपी, गॅस, रात्रीबेरात्री काही झालं तर, सगळं बोलून घेतलं. मग अण्णा म्हणाले, "तुझ्याकडं मला काय बी कमी न्हवतं. पन तिथं मी निस्ता तुझा बाप हाय. हितं मी अण्णा हाय." नुसता माझा बाप असणं ही इतकी हलकी नोकरी आहे हे मला माहीत नव्हतं. रागाने मी त्यांना तिथेच सोडून आले, आणि मग सकाळ-संध्याकाळ फोन करत राहिले.

अण्णा गेले ते स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर, भर सकाळी, बाकावर बसल्या बसल्या, ओळखीच्या माणसांच्या गराड्यात. मी ज्याला घाबरत होते तसं काहीही झालं नाही.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. त्यांची काय इच्छा राहिली असेल, या विचाराने मी रात्रभर जागून तयारी केली होती. कावळा नाही शिवला तर घर विकणार नाही म्हणायचं, दर महिन्याला येईन म्हणायचं, तुम्हाला पुण्याला नेलं ते चुकलं म्हणून हात जोडायचे. चुलतभाऊ पिंड ठेवून मागे सरला. मी पुढे व्हायच्या आत कावळा शिवून उडालासुद्धा. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, कशातच जीव अडकला नाही.

मला तिथे रडू फुटलं, आणि खरं सांगते, त्यात अर्धा राग होता. लेकीत थोडासा तरी अडकायला काय हरकत होती?